माझ्या गावात कुणी मरत नव्हतं

प्राजक्ता, हर्षलचे आई-बाबा, नाना, स्वप्नील, आणि कोपरीतून, डोंबिवलीतून, टिटवाळ्याहून आज इथे आलेले तुम्ही सगळे.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही नाही म्हणाले. त्रेसष्ट वर्षांच्या बाईने चौतीस वर्षांच्या मुलाच्या शोकसभेत उभं राहून काय बोलायचं? हे उलटं झालंय. पार उलटं. माझ्या शोकसभेत त्याने बोलायचं होतं. बोललाही असता. मी किती खडूस होते ते रंगवून सांगितलं असतं, आणि तुम्हाला हसवलंही असतं.

बारा दिवस झाले. मंगळवारी सकाळी चहाचा कप हातात होता आणि हा मुलगा खुर्चीवरून खाली आला तो उठलाच नाही. बस. एवढंच. आजार नाही, औषध नाही, आधी कसली कुरकुर नाही. दोन दिवस आधी, रविवारी, इथल्याच मैदानात क्रिकेट खेळला. तुमच्यातले काही जण त्याच्याबरोबर खेळलात. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला तो शब्द कळतो, पण झालं काय ते अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलंय का? कुणाला कळलं असेल तर मला नंतर येऊन सांगा.

बऱ्याच जणांना मी कोण हे माहीत नसेल. मी नातेवाईक नाही. डोंबिवलीच्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त झाले तरी अजून आठवड्यातून तीन दिवस जाते, कारण घरी ओरडायला कुणी नाही. हर्षल आणि त्याचा मित्र स्वप्नील, हा इथे बसलाय तो, दोघं मिळून एक कॉम्प्युटर गेम बनवत होते. तो गेम अर्धा राहिलाय. आता त्याचं काय करायचं, हे ठरवायचंय. हर्षलच्या बायकोने, प्राजक्ताने, काल ते माझ्यावर टाकलं. म्हणाली, काकू, तुम्ही सांगाल ते. म्हणून मी बोलायला उभी राहिले, नाहीतर राहिले नसते.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी आधी सांगते गेम कसला ते. मारामारीचा नाही. त्यात एक खोटा देश आहे. डोंगरावर यक्ष राहतात, कावळे बोलतात, समुद्रातलं एक बेट दर पावसाळ्यात जागा बदलतं. पण खरी मजा त्यात नाही. खरी मजा आहे ती गावांत. गावातली माणसं जन्मतात, काम शिकतात, भांडतात, लग्नं करतात, म्हातारी होतात आणि मरतात. आपण त्यांना नुसतं सांगायचं, इथे विहीर खणा, तिथे घर बांधा. ऐकायचं की नाही ते त्यांच्या मनावर. मी हर्षलला म्हटलं, "म्हणजे सोसायटीच्या मीटिंगसारखं?" तो म्हणाला, "तसंच काकू, फक्त इकडे यक्ष आहेत."

काकू! पहिल्या दिवसापासून काकू. मी त्याला म्हटलेलं, मॅडम म्हण. "हो काकू," म्हणाला.

पहिला दिवस मला लख्ख आठवतो. अर्ध्या चड्डीत, डोक्यावर उलटी टोपी, सरळ माझ्या टेबलाशी आला आणि विचारतो, "एक पुस्तक हाताने नकलायला किती दिवस लागतात?" एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारायचे, पंखा कुठून लावायचा, पाणी कुठे आहे. मी म्हटलं, कशाला हवंय? तो म्हणाला, "आमच्या गेममध्ये एक म्हातारा मेला आणि अख्ख्या गावाचं मीठ बंद झालं."

झालं होतं ते असं. त्यांच्या खोट्या देशात मीठ बनवायची विद्या एकाच माणसाकडे होती. तो मेला. विद्या गेली. स्वप्नील म्हणाला, चूक आहे, दुरुस्त करू, सगळ्यांना सगळं येतं असं करून टाकू. हर्षल नाही म्हणाला. त्याने आपल्या गावात, कोपरीतच, हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या घरची माणसं मिठागरात राबलेली. मिठागरं गेली, जमिनीवर इमारती आल्या, आणि मीठ कसं पिकवतात हे ज्याच्या हातांना माहीत आहे असा घरात एकच माणूस उरला. त्याचे चुलत आजोबा. आपले नाना. तर हर्षलचं म्हणणं होतं की विद्या मरायलाच हवी. पण ती वाचवायची सोयही हवी. कुणीतरी लिहावं, दुसऱ्याने नकलून घ्यावं, तिसऱ्याने नक्कल पिशवीत घालून दुसऱ्या गावी न्यावी. आणि हे कसं होतं ते त्याला कुणाकडून तरी शिकायचं होतं.

मी म्हटलं, शिकायचंय ना? बस मग.

नानांनी सांगितलेलं त्याने दोन पानं उतरवून आणलं होतं. भरतीचं पाणी कसं घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडायचं, सगळं. मी त्याला बोरू दिला, शाई दिली आणि म्हटलं, हेच तीन वेळा नकल. तो हसला. मी हसले नाही. तेव्हा बसला बिचारा. दुपारभर बसला. बोटं निळी झाली, मान आखडली, दोनदा म्हणाला, फोटो काढला तर नाही का चालणार? तिसरी नक्कल माझ्यापुढे ठेवली. मी मूळ वाचत गेले आणि त्याला नकलेवर बोट ठेवायला सांगितलं. एका जागी त्याचं बोट थांबलं. एक अख्खं वाक्य गायब. मुळात लागोपाठ दोन वाक्यं "मग पाणी" अशी सुरू होत होती. पहिल्यातलं "मग पाणी" एवढंच लिहून त्याने मान वर केली, पुन्हा खाली पाहिलं तेव्हा डोळा दुसऱ्यावर पडला. नकलणाऱ्यांचं हे हजार वर्षांचं दुखणं आहे. आणि गेलेलं वाक्य कुठलं? मिठाचे दाणे धरल्यावर वर जे कडू पाणी राहतं ते काढून टाकायचं, हे.

मला वाटलं ओशाळेल. हा उठून नाचायला लागला! वाचनालयात! "काकू, ही चूक मला गेममध्ये पाहिजे! नकलणारा दमला, भुकेला असला, उजेड कमी असला की ओळ सुटणार. शेजारच्या गावाला कडू मीठ मिळणार आणि त्यांना कळणारच नाही का ते!" मी त्याला बाहेर काढला. पाच मिनिटांनी आत घेतला. कारण तोवर माझ्याही डोक्यात सुरू झालं होतं, मग त्या गावाने ते दुरुस्त कसं करायचं? दोन माणसांनी समोरासमोर बसून, एकाने वाचून, एकाने बोट ठेवून. जसं आम्ही दोघं बसलो होतो तसं. तेही त्याने गेममध्ये घातलं.

त्यानंतर दीड वर्ष मी त्याची शिकाऊ आणि तो माझा. टिटवाळ्याला स्वप्नीलच्या घरी एका खोलीत त्यांचं काम चाले. जाता-येता हर्षल डोंबिवलीला उतरायचा. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याने गेम टाकून दिला, तपासायला म्हणून. मी खेळायला लागले. सांगायला लाज वाटते, पण खेळायला लागले. माझ्या गावातल्या लोकांना मी वाचनालयातल्या सभासदांची नावं दिली. पुस्तकं परत न करणाऱ्यांना विहिरी खणायला लावलं.

त्या गावात एक चिमा होती. मीठ पिकवणारी बाई. कष्टाळू, शहाणी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एक दिवस ती मेली. मी हर्षलला फोन करून इतकं झापलं की बाजूच्या टेबलावरचा माणूस पेपर ठेवून निघून गेला. माझी माणसं मारायची नाहीत, मी म्हटलं. आता मला सांगा, शहाणा माणूस असता तर त्याने समजूत घातली असती. हा दुसऱ्या दिवशी आला, चिमाला परत उठवलं, आणि फक्त माझ्यासाठी एक बटण करून दिलं. बटणावर लिहिलं होतं, मरण बंद.

मी ते दाबलं आणि सुखाने राज्य केलं.

मग महिन्याभराने माझीच तक्रार. तुमच्या पुस्तकांचं काहीतरी बिघडलंय. माझ्या गावात लिहिणारे आहेत, कागद आहे, शाई आहे, आणि इतक्या वर्षांत कुणी एक पान लिहिलेलं नाही. तुम्ही लोक काम धड करत नाही, असंही म्हणाले. चार दिवस. चार दिवस ही दोन मुलं चूक शोधत होती. जेवण नाही, झोप नाही. पाचव्या दिवशी हर्षल वाचनालयात आला, माझ्या मागे उभा राहून बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही ते बटण अजून चालूच ठेवलंय?"

आणि जमिनीवर बसून हसायला लागला. मला म्हणाला, "अहो, तुमच्या गावात कुणाला घाईच नाही! चिमा उद्या पण आहे, परवा पण आहे. तिचं लिहून घ्यायला कोण कशाला बसेल?"

त्याने तसंच रचलेलं होतं ना. गुरूचे केस पांढरे व्हायला लागले की शिष्य वही घेऊन जवळ येतो. माझ्या गावात केस पांढरे व्हायचे बंद झाले होते. मी रागारागाने बटण काढलं. आठवडाभरात चिमा पुन्हा गेली. पण या खेपेला तिचं पुस्तक झालं होतं, त्याच्या तीन नकला झाल्या होत्या. मी रडले. शेजारच्या गावात मीठ झालं.

हे सगळं मी का सांगतेय? कारण त्या बटणावरून मी काहीच शिकले नाही.

हर्षल शिकला. त्या दिवसापासून तो नानांच्या मागे लागला. दर रविवारी क्रिकेट झालं की नानांपाशी. फोन चालू करून ठेवायचा, प्रश्न विचारायचा. गेममधलं मिठाचं पुस्तक नानांच्याच शब्दांत व्हायला हवं, असा त्याचा हट्ट. नाना म्हणायचे, "पानी आयकाला शिक रं, मंग बोल." हा तेही लिहून घ्यायचा. मला म्हणायचा, "काकू, लवकर तपासून द्या, नाना ब्याऐंशीचे आहेत." आणि मी तपासायचे. इतर कामं टाकून तपासायचे. नाना ब्याऐंशीचे आहेत म्हणून.

नाना, मला माफ करा. तुमच्या तोंडावर बोलते. आम्ही सगळे तुमच्या जाण्याच्या तयारीत होतो. तुमचं एकेक वाक्य आम्ही दोघांनी बोट ठेवून वाचलं. आणि तुम्ही इथे पहिल्या रांगेत बसला आहात. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "मना सोरून त्याला नेला. माजा सगला लिवून घेतला पोरान, सोताचा काय पन नाय."  

तो मला किती वेळा म्हणाला, प्राजक्ता! तुला माहीत आहे. "काकू, एक दिवस टिटवाळ्याला या. गेमच्या पुढच्या भागाचं सगळं डोक्यात आहे. मी बोलतो, तुम्ही लिहून घ्या. माझं अक्षर मलाच लागत नाही." मी म्हटलं, गुडघा दुखतोय. मग म्हटलं, पाहुणे आहेत. मग कैऱ्या आणल्या होत्या, लोणचं घालायचं होतं. लोणचं! पुढच्या शनिवारी येते म्हटलं. चौतीस वर्षांचा मुलगा. केस काळेभोर. कोण कशाला घाई करेल? कॉम्प्युटरमधलं बटण मी काढलं होतं. डोक्यातलं काढलं नव्हतं. ही चूक माझी आहे आणि ती मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते.

आता स्वप्नीलचा प्रश्न. अर्धा गेम तयार आहे. मीठ आहे, पुस्तकं आहेत, नकला आहेत. पण पुस्तकं शेजारच्या गावापलीकडे कशी जाणार, कोण ती दडवून ठेवणार, यक्ष त्यांच्या बदल्यात काय मागणार, हे हर्षलच्या डोक्यात होतं. कुठेही लिहिलेलं नाही. स्वप्नीलने सगळं धुंडाळलं. तो काल मला म्हणाला, "काकू, एकतर बंद करतो. नाहीतर मी अंदाजाने पूर्ण करतो आणि त्याच्या नावावर काढतो. लोकांना कळणार पण नाही. त्याचं नाव होईल." अरे, तुझं मन मला कळतं. मित्रासाठी माणूस एवढं करतोच.

तेवढ्यात प्राजक्ताने हर्षलचा फोन माझ्यापुढे धरला. त्याने मला पाठवलेला शेवटचा मेसेज. मंगळवारचा, सकाळी नऊला दहा कमी. तो मी वाचला होता. उत्तरही दिलं होतं.

त्याने विचारलं होतं, "काकू, मूळ पुस्तकच लिहिणाऱ्याने अर्धं सोडलं असेल तर नकलणारा काय करतो? गेममध्ये ठेवायचंय."

मी दहा वाजता उत्तर दिलं. मी वाचून दाखवते. "असले प्रश्न मेसेजवर विचारू नयेत. प्रत्यक्ष ये, मग सांगते. आणि सातव्या पानावरच्या दुरुस्त्या अजून झालेल्या नाहीत."

तो जाऊन तोपर्यंत पाऊण तास झाला होता. प्राजक्ता, तू तो मेसेज हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाचलास. त्याचा फोन तुझ्या हातात वाजला आणि आत मी ओरडत होते. अगं, मला माहीत नव्हतं गं. मला माहीत नव्हतं.

त्याने विचारलेल्या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. आज द्यायचंय. हर्षल, ऐक.

मूळ जिथे तुटतं तिथे नकलणारा थांबतो. पुढचं आपल्या मनाने रचून दुसऱ्याच्या नावावर खपवत नाही. अर्धं आहे म्हणून टाकूनही देत नाही. जेवढं आहे तेवढं नीट उतरवतो आणि खाली बारीक अक्षरात लिहितो, मूळ इथपर्यंतच मिळालं. मग थोडी पानं कोरी सोडतो. कुणाच्या तरी ट्रंकेत, कुणाच्या तरी आठवणीत पुढचा भाग सापडला तर त्याला जागा हवी म्हणून. आणि नकलणाऱ्याला स्वतःला पुढे काही सांगायचं असेल, तर ते नव्या पानावर, स्वतःच्या नावाने.

स्वप्नील, बंद करू नकोस. हर्षलचं जिथे संपतं तिथे ते संपलं असं लिही. जागा सोड. मग तुझं लिही, तुझ्या नावाने. चुकशील तर चूकही तुझीच असू दे, त्याच्या माथी नको. तुझ्यासमोर बसून तपासायला मी येते. या शनिवारी येते, गुडघा दुखला तरी येते.

आणि तुम्ही बाकीचे. मैदानात, टपरीवर, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, त्या यक्षांबद्दल त्याने तुमच्यापाशी कधी बडबड केली असेल. केलीच असेल, तो गप्प बसणारा नव्हता. तुम्ही मान डोलावून ऐकून सोडून दिलं असेल. ते आठवा आणि जाण्याआधी स्वप्नीलला सांगा. क्षुल्लक वाटलं तरी सांगा. अर्धं वाक्य असलं तरी सांगा.

माझं झालं. आता आपण सगळ्यांनी थोडा वेळ काहीच बोलू नये. किती वेळ ते मी घड्याळात बघणार नाही. ज्यांना उभं राहता येतं त्यांनी उभं राहावं. नाना, तुम्ही बसून राहा.

प्राजक्ता, तू इकडे माझ्याजवळ ये गं. मला एकटीने उभं राहवत नाहीये.